फिलादेल्फोच्या मुलास

ओरडू नकोस, रुज्जेरो. बहिरी नाही मी,
नुसती एकोणऐंशीची आहे.
हो, मीच झोडली तुझी फुलं.
उजाडायच्या आत भिंतीपासून सुरुवात केली,
टाकीपर्यंत आले, मग कंबर म्हणाली, पुरे.
पिवळी, शेंदरी, काही अजून मिटलेली,
लाव्ह्याच्या काळ्या रेतीवर पडलीत बघ,
मांडवातून वऱ्हाड उठून गेल्यासारखी.

कारबिनिएरींना बोलव, खुशाल बोलव.
त्यांचा मार्शल या वेळी
स्वतःच्या सासऱ्याच्या निवडुंगात काठी घेऊन उभा असेल.
जून आहे हा.
या डोंगराच्या पोटाशी जूनमध्ये
सगळेच आपापली फुलं मारतात.

बापाने सांगितलं नाही तुला?
दर रविवारी तोरिनोला फोन लावायचा,
काय बोलायचात मग? फुटबॉल?

ऐक. पहिला बहर उतावळा असतो.
ऑगस्टच्या उन्हात पिकतो, बोंडं बारकी,
नुसत्या बिया, दाताखाली खडे.
तो पाडायचा. सगळा.
कितीही देखणा असला तरी.
मग निवडुंग काही दिवस गप्प राहतो.
मी म्हणायचे, रागावलाय.
फिलादेल्फो म्हणायचा, हिशेब करतोय.
एखाददुसरं पाणी द्यायचं, हात राखून,
आणि त्याच फड्यांच्या कडेला
पुन्हा हिरवे मणी फुटतात.
त्यांना आम्ही अनौरस म्हणतो.
नोव्हेंबरच्या धुक्यात पिकतात, मुठीएवढे,
आणि बाजारात भाव त्यांनाच,
औरसांना कुणी विचारत नाही.

ही टाकीजवळची रांग त्याने लावली
तुझी आई गेली त्या वर्षी.
सांध्यावर चाकू ठेवून एकेक फडा उतरवला,
जखम ओली असताना लावायचा नाही म्हणून
पंधरा दिवस जिन्याखाली, सावलीत.
मी विचारलं, पाणी?
म्हणाला, आत्ता पाणी घातलंस तर कुजेल.
तेव्हा तो स्वतःही कुणाशी बोलत नव्हता.
मी पाणी घातलं नाही. दोघांनाही.

काठी सोड, रुज्जेरो.
सोड म्हणते ना.

*

ये. दार उघडंच असतं.
बादली तिथे ठेव, मांजराच्या वाटेत नको.
भर दुपारी गेला होतास ना तोडायला?
उघड्या हातांनी, वाऱ्याकडे तोंड करून?
अंगठाच सांगतोय.
बस असा उजेडात. चष्मा दे माझा.
मोठा काटा परवडला, तो समोरून येतो.
हे कुसळ दिसत नाही, नुसतं कळतं,
रात्री, कूस बदलताना.
हलू नकोस. मेण जरा निवू दे,
मग ओढते. झालं.

तोरिनोत किलोने विकतात म्हणे, पुसून, पेटीत घालून,
'हिंदचं अंजीर' असं नाव लिहून.
इथे कुणी हिंद पाहिलेला नाही,
आणि ते अंजीरही नाही.
दोन्ही टोकं काप. एक उभी चीर.
बोट लावू नकोस, जेवणातला काटा टोच,
काट्याने काटा, दुसरं काय.
साल कोटासारखी उतरते बघ.
हे लाल आधी. पिवळं मग.
बिया चावायच्या नाहीत, गिळायच्या.

काय झालं?
नाही, मी विचारणार नाही.
तोंड पूस.

उरलेली उद्या काढू. पहाटे ये, दव असताना,
कुसळं ओली असली की उडत नाहीत.
वारा पाठीशी घे.
फळाबरोबर फड्याची पातळ चकती येऊ दे,
नुसतं पिरगाळलंस तर बुडातून गळायला लागतं.
वरच्यांना काठी लागेल.
जिन्याखाली आहे तुझ्या बापाची, टोकाला डबा बांधलेली,
ती आण.
माझी तू जूनमध्ये मोडलीस.