खाकरा

खंडेराव मार्केटच्या मागे, कोबीच्या पाल्यात सापडला.
कान असे कडक, म्हणून खाकरा.
दीड महिन्याचा असेल. दात मात्र
नव्या सुयांच्या पाकिटासारखे.

आठवड्याभरात त्यानं फस्त केली
दोन अस्तरं, एक रबरी चप्पल,
माझ्या टेपची पहिली तीन इंचं.
आता दांडिया बाजारातल्या प्रत्येक बाईच्या कमरेतून
मी मनातल्या मनात तीन वजा करते.

आणि हात. हातांचं काय सांगू.
हळद लावून मशीनवर बसायचं,
तर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पॉपलिनला पिवळी बोटं.

नवापुऱ्यातले डॉक्टर ब्रह्मभट्ट म्हणाले, मारू नका.
नाकावर टिचकी नको, पेपरची गुंडाळी नको.
भावंडांत राहिला असता तर आपसूक शिकला असता:
जोरात चावलं की समोरचं केकाटतं,
खेळ तिथेच मोडतो.
याच्यापुढे कुणी केकाटलंच नाही अजून.
तुम्ही केकाटा, बेन. एकदाच, मोठ्यानं.
मग पाठ फिरवा आणि वीसपर्यंत मोजा.

दीडशे रुपये फी.

घरी आले. तो चावला.
मी म्हटलं, "राहू दे रे."
त्यानं शेपटी हलवली.
त्याला वाटलं, चावा राहू दे म्हणते.

दुसऱ्या दिवशी "अरे अरे".
तिसऱ्या दिवशी नुसता श्वास, दातांमधून.
आवाज घशापर्यंत यायचा,
तिथे शिवण घातलेली.

शिवणक्लासात चौदाव्या वर्षी
सुई नखातून आरपार गेली होती.
कर्णिकबाई म्हणाल्या, बोट तोंडात घाल,
कापडाला डाग पडेल.
घातलं.
पुढे मुलगा झाला तेव्हा नर्स सगळ्या वॉर्डाला सांगत होती,
बघा, किती शहाणी बाई, हूं नाही की चूं नाही.
मला तेव्हा बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं.

नवव्या दिवशी, दुपारी,
अंगठ्याच्या बेचक्यात त्यानं असा काही दात रुतवला
की मी
"आई गं!"

मशीन थांबलं. समोरच्या कोकिलाबेननी खिडकी उघडली.
हे आतून आले, एका पायात चप्पल,
हातात तसाच राहिलेला दाढीचा ब्रश,
"काय झालं? कुठे लागलं?"
हा प्रश्न या घरात किती वर्षांनी,
मोजायला हवं होतं,
पण मला वीसपर्यंतचं मोजायचं होतं.

पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड.
एक, दोन. सात. अकरा.
वीस होऊन गेले. एक्केचाळीसपर्यंत मी
भिंतीवरच्या कॅलेंडरचे धुरकट आकडे बघत उभी.
मागे वळले तेव्हा खाकरा मान वाकडी करून बसलेला,
कान पहिल्यांदाच मऊ पडलेले,
आणि हे त्याच्या शेजारी, उकिडवे,
तसेच, फेस सुकत चाललेला.

आता चावत नाही असं नाही.
पण बोट तोंडात धरतो तेव्हा
मी ओठांत टाचण्या धरते तसं धरतो,
हलकेच, आत काय आहे याची जाणीव ठेवून.

काल जोबनपुत्राबेन आल्या. ब्लाउज उद्या सकाळी हवा,
शिलाई मागच्या दिवाळीचीच.
मी काही बोलले नाही.
पाठ फिरवली आणि मोजायला लागले.
सोळाला त्या म्हणाल्या, बरं, शुक्रवारी चालेल.

मशीनचा चामडी पट्टा मात्र
तो अजून रोज थोडा थोडा खातोय.
नवा पट्टा आणायला मांडवीला जायला हवं.