तीन मिनिटं झाली

डॉक्टर मिस्किटांनी केसपेपर उलटा केला
आणि चराईतल्या त्या दवाखान्यात,
पंखा खरखरत असताना,
कोऱ्या बाजूवर माझ्या रक्ताचं एक्स्चेंज काढलं.

ही पेशीची भिंत. हा बाहेरचा रिसीव्हर.
मूत्रपिंडाकडून निरोप येतो:
प्राणवायू कमी पडतोय, तांबड्या पाठवा.
आत बसलेलं प्रथिन तो उचलतं,
पुढच्याच्या हाती देतं,
पुढचा थेट गाभ्यात जाऊन वर्दी लावतो.
नाव जॅक-टू. ज्या जनुकावरून ते घडतं त्याचंही तेच.

म्हटलं, डॉक्टर, हे मला नका शिकवू.
एकवीस वर्षं ठाण्याच्या ट्रंक बोर्डावर काढली,
कानाला हेडफोन, दोन्ही हातांत कॉर्ड,
पी.पी. कॉल, अर्जंट कॉल,
लग्न ठरल्याचे, लग्न मोडल्याचे.

ते हसले नाहीत. पेन दोनदा टेबलावर आपटलं.
या प्रथिनाला दोन अंगं असतात, मिसेस टिपणीस.
एक काम करतं.
दुसरं स्वतः काही करत नाही,
पहिल्याचा हात धरून बसतं,
बोलावणं आल्याशिवाय उठू देत नाही.
तुमची चूक त्या दुसऱ्यात आहे.
सहाशे सतराव्या जागी.
एका अक्षराची.

सहा-एक-सात.
मी सवयीनं आकडे सुटे करून म्हटले.
तिकडून कुणी काही बोललं नाही.

तर म्हणून अंघोळीनंतर अंगभर सुया.
म्हणून पाणथरी वाढलेली, हिमॅटोक्रिट चौपन्न,
आणि म्हणून तोंडावर ही लाली,
जिच्यावरून समोरच्या प्रधान वहिनी
वर्षभर विचारत होत्या, कुंदाताई, लावता तरी काय?

वैजू ऐरोलीहून आली, मुलाला कडेवर घेऊन.
विचारायचं ते तिनं विचारलं नाही,
नुसता त्याच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.
डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले,
हे आईबापांकडून आलेलं नाही, सहसा पुढेही जात नाही.
मज्जेतल्या एका पेशीत, एकदाच, कधीतरी झालं.

कधीतरी म्हणजे कधी?
जांभळी नाक्यावर मी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते तेव्हा?
बोर्ड बंद झाला, आम्हा नऊजणींना पेढे देऊन
खुर्च्या उचलल्या, त्या दुपारी?
की झोपेत, काही कारण नसताना,
एक पेशी उतरवून घेताना चुकली
आणि तिच्या लेकींनी, लेकींच्या लेकींनी
ते तसंच, सुवाच्य अक्षरात, उतरवून घेतलं?

दर तिसऱ्या आठवड्याला साडेतीनशे मिली.
पिशवी भरत जाते, काळपट, सावकाश,
काकवीसारखी.
हे कुणाला चढेल का हो?
नर्स मान हलवते. ते कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातं.
जन्मभर घरात भाताचं शीतही वाया जाऊ दिलं नाही मी.

तीन मिनिटं झाली की आम्ही लाइनवर यायचो:
तीन मिनिटं झाली, वाढवू?
दुसऱ्यांच्या बोलण्यात आमचं एवढंच.
लोक चिडायचे. एकानं तर शिवी दिलेली.
पण एका रात्रपाळीला भुसावळहून एक मुलगा
आईशी बोलत होता, म्हणजे बोलत नव्हता,
दोन्हीकडून नुसता श्वास येत होता.
माझा अंगठा कळीवर होता.
मी लाइनवर गेलेच नाही.
अकरा मिनिटं.
तिकिटावर तीन लिहिली.

हे मिस्किटांना सांगण्यासारखं नाही.

सुई निघते. कापूस. कोपर दुमडा, आजी, पाच मिनिटं तरी.
मी हात दुमडते
आणि दुसऱ्या हातानं
तो घट्ट धरून बसते.