माशी

कासारवडवलीला, बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत,
मी माश्या बांधतो.
हे कुणालाही सांगितलं की तो आधी हसतो.
गळ पकडीत धरायचा, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस,
वृंदाच्या जुन्या शालूतली बोटभर जर,
आणि लाल दोरा, गाठ मारताना श्वास रोखून.
व्हिडिओ बघत बघत, अगदी माशीला माशी.
तिकडे, परमुलखात, ती थंड ओढ्यांतले मासे फसवते.
तिथलं पाणी म्हणे नितळ असतं.
आमच्या खाडीत हात कोपरापर्यंत बुडवला
तर बोटं कुणाची, ते विचारून घ्यावं लागतं.

मार्गशीर्षातली पौर्णिमा. नागला बंदरावरून कयाक लोटली,
पिवळी, कॉलनीतलं कुणी परदेशी जाताना अर्ध्या किमतीत टाकून गेलेली,
आणि पलीकडे, पायेगावच्या अंगाला,
हसुरामच्या खाजणाच्या बांधावर तंबू ठोकला.
तिथे रस्ता पोचत नाही, दूधवालाही नाही.
हसुराम म्हणाला, "तिथीची पाऊनपट कर, भरती कलंल."
मी म्हणालो, मोबाइलवर आहे.

दोर डोक्यावरून मागे. थांब. पुढे.
त्या थांबण्यातच सगळी विद्या आहे म्हणतात,
मागे गेलेलं पूर्ण मागे जाऊ द्यायचं,
तोवर हात आवरायचा.
मला ते जमत नव्हतं.
तिवराच्या फांदीने दोन माश्या घेतल्या,
तिसरी वाऱ्याने माझ्याच कानाच्या पाळीत रोवली,
आणि मी आरशाशिवाय ती काढत बसलो असताना
खालून पाणी निघून गेलं.
भाडं थकलेल्या बिऱ्हाडासारखं, आवाज न करता.

कयाक चिखलावर बसली.
पाय टाकला तो मांडीपर्यंत. उपसला, तर चप्पल आतच.
मोबाइल म्हणाला, ओहोटी संपली.
खाडीच्या कानावर ते गेलेलं नव्हतं.
बांधावरून हसुराम ओरडला,
"हलू नको! पानी गेलंय त कवातरी येलच!"
आणि चुलीकडे वळला.

मग निवट्या आल्या.
डोळे टाळूवर, चिखलाच्याच रंगाच्या,
ना पुऱ्या पाण्यातल्या ना पुऱ्या जमिनीवरच्या,
उड्या मारत आपापल्या कामाला.
एक वल्ह्यावर चढली.
माझी जरीची माशी तिने एकदा इकडून बघितली, एकदा तिकडून,
आणि पाठ फिरवली.
बहुतेक तिथेच माशी शिंकली.

समोर घोडबंदरचे टॉवर उजळले.
मी खालून मोजत मोजत बावीसवर आलो.
दिवा लागला.
वृंदा दोरीवरचे कपडे काढत असणार,
माझी बनियन झटकून, घडी घालून.
फोन हातात घेतला.
विचारणार काय होतो? मी दिसतो का?
ठेवून दिला.

रात्री चिखलातल्या भोकांतून आधी बुडबुडे आले,
मग कयाकची एक कड उचलली गेली,
झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी.
मी उगाच, बसल्या बसल्या दोर टाकला,
मागे गेला, थांबला, मी विसरलो, म्हणून नीट थांबला,
आणि कशाने तरी खालून खेचला.

हातभर जिताडा.
चांदण्यात त्याचा डोळा तांबडा पेटलेला.
गळ खोल होता. मी कात्रीने दोर कापला,
माशी तोंडात घेऊनच तो गेला.

हसुरामने भाकरी पुढे केली न केली,
"त्याचे तोंडाला भोक पारलंस, न सोरलंस?
यवऱ्यासाठी आयलास?"
व्हिडिओत याचं उत्तर देतात. मला त्यातलं एकही आठवेना.
मी भाकरी खाल्ली. सुकटीची चटणी तिखट होती,
डोळ्यांना पाणी यायला तेवढं कारण पुरलं.

पौषात गेलो तर त्याच्या टोपीला माझी माशी.
"जाल्यान आयला," म्हणाला, "तोंडान ही. ईकला त्याला,
ही कोन घेनार?"
टोपी काढून त्याने माझ्यापुढे धरली.
गळ गंजला होता. पीस झडलं होतं.
लाल दोरा सुटला नव्हता.

मी म्हणालो, राहू दे.
त्यानेही फार आग्रह केला नाही.