कपटा

लिव्हरपूलला तेव्हा रात्री दिवा नसे.
आमच्या कचेरीत मात्र दिवसाही पडदे ओढून दिवे,
लांब टेबलं, साठ बायका, साठ कात्र्या.
आले होते शिक्षिका व्हायला. युद्धानं परतीची वाट बुडवली
आणि मराठी वाचणारी त्या इमारतीत मी एकटीच निघाले.
काम सोपं : बोटीचं नाव काप. बंदर काप. तारीख काप.
उरेल ती खुशाली.

'कॅल्डरबेन'वरची पत्रं सगळी एका हाताची.
तेहतीस खलाशी, अक्षर एक :
याकूब दळवी, बाणकोट.
कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाचं बायकोवर खेकसणं,
प्रत्येकाचा आवाज निराळा,
पण 'ळ' सगळीकडे तोच,
दोरखंडाला मारलेल्या गाठीसारखा.
मी पाकीट फोडताना आधी 'ळ' शोधू लागले.

हॅदरसेज साहेब म्हणाले, त्या बोटीवरून काहीतरी पाझरतंय.
जा, चहा घे त्याच्याबरोबर. तुमच्या भाषेत बोल.

गोदीवरच्या कॅन्टीनमध्ये
त्यानं आपल्या वाट्याची साखर माझ्याकडे सरकवली.
माझ्या अंगठ्यावरचा घट्टा पाहिला.
मी म्हटलं, शिवणकाम करते.
"व्हय. भयनीनं कळवलंय,
कागदाला भोकं पडतात, पण नीट.
बाजूच्या अक्षराला धक्का लागत नाय."

अहवालात लिहिलं : संशयास्पद काही नाही.

त्यानंतर तो मुद्दाम तेच लिहू लागला जे कापावंच लागेल.
*सहा तोफा नव्या आल्या. एकीलाही तुमच्या कात्रीची धार नाय.*
*ग्रीनॉकला थांबलोय. धूर तुमच्याकडं वाहतो.*
नियम असा की कपटे सहाच्या आत भट्टीत.
मी बाहीत घालून घरी नेई,
बिस्किटांच्या डब्यात.
असं प्रेमपत्र कुणाला आलं असेल,
दुसऱ्यांच्या आयांच्या पत्रांतून, बोटभर बोटभर?

मग एका मावशीच्या पत्रात, जावयाच्या दुखण्याखाली :
*अवसेमागची दुसरी रात. उधाणाच्या भरतीला सुटू.*
चाळीस वर्षं नोकरी केलेल्या साहेबालाही कळलं नसतं.
मला कळलं. कापलं.
रात्री मेणबत्तीपाशी, हातात किती दिवस उरले ते बघायला,
कपट्याखाली पेन्सिलीनं
वार, तारीख, तास मांडला.
इंग्रजीत. कचेरीची सवय.

खोलीत दुसरी खाट डिलिसची.
माझे मोजे मागून नेई, झोपेत उसासे टाकी,
तिचा एक मित्र होता, फार प्रश्न विचारणारा.
किंवा साधा बोलघेवडा असेल.

वर्तमानपत्रात काहीच आलं नाही.
हॅदरसेज साहेबांनी चष्मा पुसला, म्हणाले,
"त्या बोटीच्या पत्रांची आता घाई नाही."

मी घरी गेले. डबा उपडा केला.
एकेचाळीस असायला हवे होते. चाळीस भरले.
पुन्हा मोजले. खाटेखाली, उशीच्या अभ्र्यात, चुलीच्या राखेत.
शनिवारी डिलिस भाडं न देता निघून गेली,
जाताना माझ्या गळ्यात पडून रडली.
माणसं कशालाही रडतात.

कपटा आणि कपट : फरक एका कान्याचा.
पुढं बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं,
तो काना फळ्यावर काढताना
खडू दर वेळी मोडला असं नाही.
कधी कधी मोडला.

टेबलावर तेहतीस पत्रं होती,
सुटण्याआधी किनाऱ्यावर टाकलेली.
मलाच फोडायची होती.
म्हैस व्याली का. पोरीला शाळेत घाला. मी खुशाल, काळजी नसावी.
तेहतिसांत कापण्यासारखा एक शब्द नव्हता.
प्रत्येकावर शिक्का मारला : तपासलं.

शेवटचं त्याचं स्वतःचं, बहिणीला.
सहीच्या वर दोन ओळींचं भोक,
चाकूनं आधीच कापलेलं,
बाजूच्या अक्षराला धक्का न लावता.

मी ते डोळ्याला लावलं.
पलीकडे दिव्याखाली
बायका माना घालून कापत होत्या.