आगवही

दोनशे पानी वही. पुठ्ठ्यावर शेनफडू गुरुजींचं अक्षर:
आग. हिशोब.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं: आणि माणसं.
आता ती माझ्याकडे असते,
पिठाच्या गिरणीत, पट्ट्याशेजारच्या खिळ्याला,
म्हणून उघडली की बोटांना ज्वारी लागते.

पहिलं पान. चैत्र. खळ्यांची ओळ.
पऱ्हाटीचा ढीग पेटला, मग चारा, मग सतरा खळी.
तालुक्याचा बंब एकोणतीस किलोमीटर,
मध्ये गिरणेची फरशी,
फरशीवर वाळूचा डंपर फसलेला.
बंब आला तेव्हा राखेत कोंबड्या चरत होत्या.
ड्रायव्हरला आम्ही चहा दिला.
तोवर बंब म्हणजे आमच्याकडे
अंघोळीचं पाणी तापवायचा, तांब्याचा.

त्या रात्री गोजरबाईची जोडी
दाव्यालाच राहिली.
गुरुजींनी एवढंच लिहिलंय.
पुढच्या दोन ओळी कोऱ्या.

दुसऱ्या पानावर नावं.
उखर्डू कोळी, लोखंड वाजवणे
(रेल्वेरुळाचा तुकडा, निंबाला टांगलेला;
आणला कुठून, हे वहीत नाही).
रुबाब तडवी, केळीच्या फवारणीची टाकी, सहाशे लिटर,
होळी ते मृग रिकामी ठेवायची नाही.
झुलाल, सबस्टेशनला फोन;
लाइट आपल्या पाळीत नसली तर
शिवी न देता मागायची.
शिवी न देता, याखाली दोन रेघा.
गोजरबाई, विळा.

बाकी गावानं बादल्या धरल्या,
गोणपाटं भिजवली, धाब्यांवर चढून ठिणग्या तुडवल्या.
पगार नाही, गणवेश नाही.
एक शिट्टी होती, ती पोरांनी पळवली.

नियम एकच लिहिलेला:
आधी दावं, मग दार, मग दाणा.
दुसरा कुणी लिहिला नाही, पण पाळतात:
आग कुणाच्या काडीची
हे उजाडेपर्यंत विचारायचं नाही.

एकदा बांध पेटवणारा झुलालच निघाला.
मे महिना, दुपारचे दोन, वारा उलटला.
केळी पेटत नाही म्हणतात.
खाली वाळलेली पानं पेटतात,
ठिबकच्या नळ्या मेणासारख्या गळतात,
आणि बाग उभ्या जागी उकडते. भावाची बाग.
सबस्टेशनला फोन त्यानंच केला,
रोजच्याच आवाजात.
रात्रभर टाकीमागे धावला, पायाला फोड.
उजाडलं. कुणी विचारलं नाही.
माझ्या गिरणीच्या पाटीवर, दळणाच्या भावाखाली,
त्यानं खडूनं लिहिलं: मी.
ती पाटी मी अजून पुसली नाही.
भाव दुसरीकडे लिहितो.

आता दावणी ओस, खळ्यांत ट्रॅक्टर.
मागच्या कार्तिकात कापसाचा टेम्पो तारेला घासला,
भर चौकात, वर धूर, आत माणूस नाही,
आणि ताडपत्रीचे दोर इतके आवळलेले
की गाठ कुणाला सुटेना.
गर्दीतून म्हातारी आली, कमरेत वाकलेली,
सहा दोर, सहा झटके.
पोरांनी पेटता कापूस खाली लोटला,
रुबाबच्या नातवानं टाकी सोडली.

मग ती धुरात उभी राहिली
आणि कुणालाच नाही असं विचारलं,
"ढोरं सुटनात का रे भो?"

टेम्पोला कसली ढोरं.
उखर्डू लोखंडाशी हातोडा घेऊन उभा होता,
तो म्हणाला, "हां माय. सुटनात."

नोंद: कापूस नऊ क्विंटल गेला. टेम्पो राहिला.
विळ्याला धार, दहा रुपये, वर्गणीतून.