जमिनीवर घडा नाही

उलानबातर, जानेवारी, उणे एकतीस.
दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात लख्वासुरेन सर
हातमोजे न काढताच फळ्यावर लिहितात:
डोंगरावर धूर आहे,
म्हणून डोंगरावर अग्नी आहे.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं.
खिडकीबाहेर डोंगरच दिसत नाही,
नुसता धूर.
उत्तरेच्या टेकड्यांवर हजारो लोकरी तंबू,
प्रत्येकात एक चूल,
त्यांतली एक माझ्या आईची.
कुठली, ते धुरावरून सांगता येत नाही.
"बरोबर," सर म्हणतात, "अनुमान 'चूल' एवढंच म्हणतं.
'आईची' म्हणत नाही."

या सत्रात शिकतो आहोत:
शब्द वस्तूला हात लावत नाही.
'गाय' म्हटलं की गाय येत नाही,
गाय नसलेलं सगळं तेवढं बाजूला सरतं
आणि मोकळ्या झालेल्या जागेत
आपण चरवी घेऊन बसतो.

माझं नाव खुलान. म्हणजे गोबीतलं रानगाढव.
हजेरीला सर हाक मारतात
तेव्हा जगातलं सगळं बिगर-खुलान
निमूट दाराबाहेर जातं
आणि मी "हजर" म्हणते.
वर्गात आणखी दोन खुलान आहेत.
त्याही म्हणतात.

बाबांनी यातलं काही वाचलेलं नाही.
संध्याकाळी कळप परतला
की ते खुंटाला रेलून एकदाच नजर फिरवत,
तीनशे पाठी,
ढवळ्या, कबऱ्या, करड्या, काळ्या,
आणि म्हणत, "बांडी नाही."
मी बोट नाचवत मोजायची.
दोनशे नव्याण्णव.
कसं कळलं, विचारलं तर
"बाकीच्या दिसल्या ना,"
आणि घोड्यावर मांड टाकून
अंधारात निघून जायचे.

मग झुदचं साल आलं.
गवत होतं.
बर्फाच्या काचेखाली हिरवट, स्वच्छ दिसत होतं,
खुरांनी खरवडून हाती येत नव्हतं.
सत् तेच, जे काहीतरी करतं,
असं माझ्या वहीत आता दोनदा अधोरेखित आहे.
त्या मार्चमध्ये आम्ही शहरात आलो.
बाबा एका वाहनतळावर रात्रपाळीला लागले.
तिथे मोजावं लागतं.
ते मोजतात.

परीक्षेत प्रश्न आला:
जे नाही, ते कसं कळतं? सोदाहरण लिहा.
उदाहरण ठरलेलं आहे, शेकडो वर्षांचं.
रिकामी जमीन दिसते, म्हणून
घडा नाही हे कळतं.
नसणं म्हणून वेगळं काही दिसत नसतं.
मी 'जमीन' लिहिलं.
पुढे 'घडा' लिहायचं होतं.
पेनातली शाई थंडीनं आखडली होती,
काखेत धरून तिला ऊब दिली
आणि लिहिलं: बांडी.
मग खुंट लिहिला, नजर लिहिली, बाकीच्या लिहिल्या.
डाव्या कानाची खाच,
म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तसं तिचं ओरडणं,
हे उत्तरात कुठेच बसत नव्हतं,
तेही लिहिलं.
घंटा झाली तेव्हा
दुसरा प्रश्न कोराच होता.

पेपर परत आला. दहापैकी सहा.
खाली लाल शाईत सरांचं बारीक अक्षर:
विषयांतर. घडा अपेक्षित होता.
आणि त्याच्याही खाली, निळ्या शाईत,
बहुधा घरी गेल्यावर:
सापडली का?

त्या रात्री डबा द्यायला गेले
तेव्हा बाबांना विचारलं.
दिव्याच्या उजेडात
सगळ्या गाड्यांवर हिम चढलं होतं,
लाल, निळी, काळी, काही कळत नव्हतं.
"कुठली बांडी?" बाबा म्हणाले.
डब्याचं झाकण त्यांनी तसंच हातात धरलं,
आतली वाफ निघून जात राहिली,
आणि ते एकेकीचं सांगू लागले.