साय

पऱ्हाटीचा जाळ या कामाचा नाही,
भडकतो आणि बसतो.
रोष्टला संत्र्याचं लाकूड लागतं,
बाग मोडली की उरतं ते, बुंध्याचं, गाठीचं.
असं शांतवन मामंजींच्या वहीत आहे.
'रोष्ट' त्यांनी पोटफोड्या ष-नं लिहिलाय
आणि मी तो कधी दुरुस्त केला नाही.

मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं
मिसबाईंची चूल त्यांच्या हातात होती.
मिसबाई जहाजानं गेल्या, मामंजी अर्धांगानं.
माझ्याकडे वही आली, आणि बिडाची हंडी,
जिचं झाकण एका हातानं उचलत नाही.

नाताळच्या आदल्या दुपारी
मांस सुती दोऱ्यानं बांधते,
घट्ट, पण बाळ गुंडाळताना ठेवतात तेवढी जागा ठेवून.
मोहरी पाट्यावर, मिरे खलात, मीठ अंदाजानं.
खाली निखारे, झाकणावर निखारे,
आणि दोन तास कोणी बोलायचं नाही.
हे वहीत नाही. मामंजी बोलत नसत, एवढंच.

खरी करामत नंतरची.
मांस काढून ताटाखाली निजवायचं,
हंडीच्या बुडाशी जे करपता करपता थांबलंय
ते कलथ्यानं खरवडायचं,
चमचाभर कणीक त्यात परतायची,
मग साय.
एकदम नाही. जाळ मोठा असला की फाटते.
'साय भित्री असते', समासात लिहिलंय, पेन्सिलीनं.

साय जमनाची.
चिखलदऱ्याचा घाट उतरून आमच्या शिवेवर राहिलेली गवळीण,
चार म्हशी, गळ्यात माळ,
अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही.
दर वर्षी कल्हईच्या गडव्यात साय आणते
आणि तोंड फिरवून विचारते,
"कायच्यात टाकतं व येवढी?"
मी म्हणते, सांगू?
"नोको सांगू," म्हणते, आणि पदरानं कड पुसून देते.

गडवा मी रिकामा परत करत नाही.
कधी केक, बिनअंड्याचा, तिच्यापुरता वेगळा भाजलेला,
कधी तुरीच्या शेंगा,
एका साली नुसती मूठभर साखर.

यंदा ती उशिरा आली. गडवा अर्धा.
"भुरी देल्ली," म्हणाली.
"दोन सालापासून भाकड होती. ढेपीचे भाव पाह्यतं ना तू?
दाखला काढला, दात पाह्यले त्याइनं, पैसे मोजले.
मांगं वळून नाही पाह्यलं व तिनं.
मीनंच पाह्यलं."

सत्तारभाईनं मांस सकाळीच दिलं होतं.
"वयाचं हाय, टाइम घेईन," एवढंच बोलला.
मी विचारलं नाही.
बाजारात पन्नास म्हशी उभ्या असतात,
गाड्या अकोल्याच्या, नागपूरच्या, कुठल्या कुठल्या,
एक म्हैस कोणत्याही दिशेला जाऊ शकते.
हे मी हंडीला चारदा सांगितलं.

तीन तास लागले. नाही, साडेतीन.
निखारा राख पांघरून बसला, आत लाल.
दोरा सोडला. सुरीला कसलीच हरकत आली नाही.
मग खरवडलं. मग कणीक.
मग गडवा हातात घेऊन उभी राहिले.

सायीवर बारीक सुरकुती,
कडेला जमनाच्या बोटाचा ठसा.
भुरीची नाही ही, ती तर केव्हाची आटलेली.
नाहीच.
दोन लाकडं मागे ओढली,
थेंब थेंब सोडली.
फाटली नाही.

रात्री मंडळी गाऊन आली, थंडीनं नाकं लाल.
पोरांनी ताटं बोटानं पुसली.
थोरले दीर म्हणाले, अगदी बाबांच्या हातचं.
मी भाकरी मिठाशी खाल्ली.
मग उठून थोडं वाढून घेतलं,
खोटं कशाला बोलू, चांगलं झालं होतं.

गडवा घासून ओट्यावर पालथा घातलाय.
आज तिसरा दिवस.
जमना रस्त्यानं जाते, पुढे तीन म्हशी,
हात वर करते. मीही करते.
केक उरलाय थोडा. शेंगा आहेत.
साखरही आहे डब्यात.